या वेळी खरं आहे

"या वेळी खरं आहे."

दादानं एवढंच लिहिलं होतं. पुढे उद्गारचिन्ह नाही, चिडलेला चेहरा नाही. ३ सप्टेंबर २०२३, रविवारची सकाळ. त्याच्या पाच मिनिटं आधी मी त्याला घरच्या ग्रुपवर सगळ्यांच्या देखत झापलं होतं. त्यानं लिहिलं होतं, 'हीथ स्ट्रीक गेला.' त्यावर मी तावातावानं लिहिलं, 'दादा, ही जुनी अफवा आहे. पुढे पाठवण्याआधी जरा बघत जा ना. मागच्या वेळी माझं काय झालं ते पाहिलंस ना तू?' लिहिताना मला फार बरं वाटत होतं, हे मला स्वच्छ आठवतं. आपण शहाणे झालो आहोत आणि दुसऱ्याला वेळेत सावध करतो आहोत, असं ते बरं वाटणं होतं. मग त्याचे ते चार शब्द आले. मी बातम्या उघडल्या. स्ट्रीकच्या घरच्यांनीच कळवलं होतं. झिम्बाब्वेचा एकेकाळचा क्रिकेटपटू हीथ स्ट्रीक खरंच गेला होता. एकोणपन्नास वर्षांचा होता.

मागच्या वेळी माझं काय झालं होतं ते सांगते. बरोब्बर अकरा दिवसांपूर्वी, २३ ऑगस्टला, सकाळी उठल्या उठल्या फोन हातात घेतला तर तीच बातमी समोर होती. स्ट्रीकला कॅन्सर आहे हे काही महिन्यांपासून कानावर होतं. शिवाय बातमी आली होती ती हेन्री ओलोंगाच्या नावानिशी. स्ट्रीकच्या संघात त्याच्या जोडीनं चेंडू टाकलेला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर शंका कुणावर घ्यायची? डोळ्यांवरची झोपही गेली नव्हती, तेवढ्यात मी ग्रुपवर लिहून टाकलं, 'दादा, तुझा स्ट्रीक गेला रे.' खाली हात जोडले. दादानं तिथे काही लिहिलं नाही, मला फोन केला. आम्ही पंधरा-वीस मिनिटं बोललो असू. त्याचा आवाज जड झाला होता. आणि दुपारपर्यंत कळलं की स्ट्रीक जिवंत आहे. त्यानं स्वतःच ओलोंगाला निरोप पाठवला होता की मी चांगला जिवंत आहे, तो रनआउट तेवढा मागे घे. ओलोंगानं तो निरोप सगळ्यांना दाखवला आणि तिसऱ्या पंचानं त्याला परत बोलावलंय असं लिहिलं. जग हसलं, मीही हसले, सुटल्यासारखं झालं. पण स्ट्रीकनं नंतर हेही सांगितलं की खातरजमा न करता माणसाच्या मरणाएवढी मोठी गोष्ट पसरवली जाते, याचं त्याला वाईट वाटलं. ते वाचून मी माझा संदेश पुसला. ग्रुपवर त्या जागी 'हा संदेश हटवला गेला' एवढी करडी ओळ राहिली.

दादाच्या लेखी स्ट्रीक म्हणजे काय, हे आमच्या घराबाहेरच्या माणसाला समजणं अवघड आहे. नव्वदच्या दशकात सगळी मुलं आपापल्या संघातल्या खेळाडूंच्या नकला करत असताना हा मुलगा झिम्बाब्वेच्या गोलंदाजाची नक्कल करायचा. का, तर म्हणे, तो हरणाऱ्या संघातही शेवटच्या चेंडूपर्यंत पळत येतो. ६५ कसोटींत २१६ बळी, आणि कसोटीत शंभर बळी घेणारा झिम्बाब्वेचा पहिला गोलंदाज. हे आकडे दादाला कधी शोधावे लागले नाहीत. त्याची एक जाड वही होती. टीव्हीसमोर मांडी घालून तो त्या वहीत प्रत्येक सामन्याचा चेंडू न् चेंडू लिहायचा. शिसपेन एकच, आणि ती कानामागे खोचलेली. पट्टीनं आखलेले चौकोन, एकेका षटकाचे सहा. धाव निघाली की आकडा, नाही निघाली की टिंब. मी शेजारी बसून त्याची शिसपेन टोकरून द्यायची आणि त्या बदल्यात मला एका संघाचे अवांतर लिहायची परवानगी असायची.

१९ मे १९९९. लेस्टर. विश्वचषक. त्या सामन्यात सचिन नव्हता, कारण त्याचे वडील गेले होते आणि तो घरी परतला होता. ती बातमी आमच्यापर्यंत कशी पोचली, टीव्हीवर की कुणी सांगितली, ते आता आठवत नाही. पण ती खरी आहे का, हे कुणीच कुणाला विचारलं नाही, एवढं पक्कं आठवतं. बातमी आली आणि घर गप्प झालं. त्या दुःखाला आणखी कसलीच भेसळ नव्हती. मग सामना सुरू झाला. २५३ हव्या होत्या. २४६ झाल्या, तीन गडी हातात होते, आणि ओलोंगानं एकाच षटकात तिघांना बाद केलं. तीन धावांनी हरलो. दादानं शिसपेन फेकली, ती कपाटाखाली गेली. चार दिवसांनी सचिन परत येऊन केनियाविरुद्ध नाबाद १४० काढून गेला, त्यानं आकाशाकडे बघितलं, तेव्हा आम्ही दोघं रडलो. कशासाठी रडतोय हे तेव्हा दोघांनाही ठाऊक होतं.

हे रडण्याचं मुद्दाम सांगते आहे.

कारण पुढे वीस वर्षांनी मी एका फोटोवर रडले. २०१९ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, न्यूझीलंड, गप्टिलची ती थेट फेक, धोनी ५० वर धावबाद, आणि १८ धावांनी पराभव. त्या रात्री माझ्याकडे एक फोटो आला. मैदानाच्या कडेला बसलेला छायाचित्रकार, हातात कॅमेरा, आणि डोळ्यांतून पाणी. खाली लिहिलं होतं की धोनी बाद झाल्यावर फोटो काढता काढता हाही कोसळला. मला भरून आलं. दिवसभर जे आत दाटलं होतं ते त्या माणसाच्या चेहऱ्यावर होतं. काम सोडता येत नाही, कॅमेरा खाली ठेवता येत नाही, आणि रडूही आवरत नाही. कितीदा तरी मी स्वतः अशी उभी राहिले आहे. मी तो फोटो निदान वीस जणांना पाठवला.

तो छायाचित्रकार इराकचा होता. फोटो त्याच वर्षीच्या जानेवारीतला, आशिया चषक फुटबॉलमधला. कतारनं इराकला १-० असं हरवलं, तेव्हाचा. आणि तो एकमेव गोल ज्यानं केला, तो कतारचा खेळाडू जन्मानं इराकचाच होता. ही हकीकत कळली तेव्हा पहिल्यांदा मला लाज वाटली, आणि मग फार हळहळ वाटली. त्या माणसाचं स्वतःचं एक दुःख होतं, आणि ते आपल्या दुःखापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं होतं. आपल्याच मातीत जन्मलेल्या मुलानं आपल्याला घरी पाठवलं होतं. आम्ही लाखो लोकांनी त्याचे अश्रू उचलले आणि आमच्या पराभवाला चिकटवले. अफवेनं एखाद्याची बदनामी होते, पैसे बुडतात, दंगे पेटतात, हे सगळे जाणतात. पण असं कुणाचं रडणं पळवून नेलं जातं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आणि मला छळणारी गोष्ट ही की माझं रडणं खरं होतं. फोटोखालची ओळ खोटी होती, पण माझ्या गालावरचं पाणी खरंच होतं. खोट्या गोष्टीची ताकद मला तिथे कळली. तिच्यात आपलंच काहीतरी खरं भरलेलं असतं, म्हणून ती हातातून सुटत नाही. त्याच आठवड्यात वर्तुळाबाहेर सहा क्षेत्ररक्षक दाखवणारं चित्रही फिरत होतं. पाचच चालतात, म्हणजे तो नोबॉल होता, म्हणजे धोनी बादच नव्हता! नोबॉलवरही धावबाद देता येतो हे शाळकरी पोरांना माहीत असतं. मला माहीत होतं, दादाला माहीत होतं. तरी तासभर आम्ही त्या चित्राला धरून बसलो होतो.

त्यानंतर मी बदलले. फोटो आला की तो आधी कुठे कुठे छापून आलाय ते शोधायला शिकले, सगळ्यात जुनी तारीख पाहायला शिकले. संदेशावर तो अनेकदा पुढे पाठवल्याचं दोन बाणांचं चिन्ह दिसलं की माझा हात थबकायला लागला. घरात मला 'खात्री खातं' म्हणायला लागले आणि मला ते आवडायचं. पण माझ्यात काहीतरी आटतही होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही.

'ब्लॅक पँथर'मधला अभिनेता चॅडविक बोझमन २८ ऑगस्ट २०२० ला गेला. त्रेचाळीसाव्या वर्षी, आतड्याच्या कॅन्सरनं. बातमी त्याच्या स्वतःच्या खात्यावरून आली, आणि मी मुलाला म्हटलं, 'खातं हॅक झालं असणार, थांब.' माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्यासोबत बघितलेला तो काळ्या पोशाखातला राजा त्याच्या लेखी मरूच शकत नव्हता, आणि मी आईच्या अधिकारवाणीनं त्याला दुजोरा दिला. दोन तास तो आशेवर बसला. मग मला त्याच्या खोलीत जाऊन सांगावं लागलं. तो म्हणाला, 'तू तर म्हणालीस खोटं आहे.' त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वी बोझमनची एक चित्रफीत आली होती. रुग्णालयांना साहित्य पोचवण्याबद्दल तो बोलत होता आणि फार वाळलेला दिसत होता. लोकांनी त्याच्या बारीक झालेल्या गालांवर काय काय लिहिलं! नवीन भूमिकेसाठी उतरवलं असेल वजन, असं मीही म्हणाले होते. २०१६ पासून हा माणूस शस्त्रक्रिया आणि केमोच्या मधल्या दिवसांत चित्रीकरण करत होता. सगळं जग त्याच्याकडे बघत होतं आणि खरी गोष्ट ठाऊक होती ती मूठभर लोकांना. त्यांनी ती चार वर्षं सांभाळली. ते मौन मला आजही फार मोठं वाटतं. आणि तो गेला त्या दिवशी अमेरिकेत बेसबॉलवाले जॅकी रॉबिन्सनचा दिवस पाळत होते, ज्याची भूमिका त्यानं २०१३ मध्ये केली होती. असं कुणी मला फॉरवर्ड केलं असतं तर मी नक्की म्हटलं असतं, जुळवून आणलंय. पण तेही खरं.

सुपरहिरोंच्या सिनेमांवर माझा जीव आहे, आणि तो मुलामुळे जडलेला नाही. मुलगा हे निमित्त. त्या सिनेमांत सगळं खोटं आहे हे पहिल्या मिनिटापासून ठरलेलं असतं. माणूस उडतो, हिरवा होतो, भिंतीवर चालतो. तिकीट काढताना आपणच त्याला होकार दिलेला असतो. म्हणून तिथे रडताना मला कधी फसल्यासारखं वाटत नाही. तिथले लोकही आपल्याशी खोटं बोलतात, पण त्या खोट्याला एक तारीख असते. २०१८ मध्ये आलेल्या 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या झलकेत हल्क इतरांबरोबर धावताना दाखवला होता. सिनेमात ते दृश्यच नाही. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. थिएटरमधून बाहेर पडताना त्यानं विचारलं, 'आई, हल्क धावलाच नाही?' आणि मग स्वतःच म्हणाला, 'आपल्याला कळू नये म्हणून केलं असेल.' किती सहज माफ केलं त्यानं. २०२१ मध्ये त्याला कुठूनतरी एक फुटलेली क्लिप मिळाली, त्यात अँड्र्यू गारफिल्ड स्पायडरमॅनच्या पोशाखात. पोरगा रात्रभर झोपला नाही. मी त्याला तपासायला शिकवायचं ठरवलं. गारफिल्ड स्वतः मुलाखतींतून सांगतो आहे की तो या सिनेमात नाही, ते बनावट आहे, मग मूळ माणसावर विश्वास ठेवायचा की कुणाच्या क्लिपवर? त्यानं मान डोलावली. डिसेंबरात अंधाऱ्या थिएटरात पडद्यावर ते वर्तुळ उघडलं, त्यातून मुखवटा घातलेला एकजण आला, त्यानं मुखवटा काढला, आणि माझ्या मुलानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या डोक्यात 'आई चुकली' हेसुद्धा नव्हतं. तो फक्त आनंदात होता. माझ्या मात्र मनात आलं की याचा दोन महिन्यांचा आनंद मी उगाच थांबवून धरला होता.

आणि एकदा मी बोलायला हवं होतं तेव्हा बोलले नाही. जून २०२१, डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामना. डेन्मार्कचा एरिक्सन पळता पळता कोसळला. मी तो सामना बघत होते. डॉक्टर त्याच्या छातीवर दाब देत होते आणि डेन्मार्कच्या खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं, त्याच्याकडे पाठ करून, तोंडं बाहेर. त्यातले काही रडत होते. आपला मित्र जगतो की मरतो हे बघायचं सोडून ते उभे होते, का तर दुसऱ्या कुणाला ते बघता येऊ नये. रात्र सरायच्या आत आमच्या ग्रुपवर संदेश आला की लस घेतल्यामुळे हे झालं. पाठवला होता मामांनी. एरिक्सनच्या क्लबच्या संचालकांनी सांगितलं होतं की त्याला कोविड झालेला नाही आणि त्यानं लसही घेतलेली नाही. ते माझ्यासमोर होतं. मी ते टाइप केलं आणि पुसलं. मामांना कसं सांगायचं? त्यांचं वय, त्यांचा मान, शिवाय ते काळजीनंच पाठवतात. ग्रुपवर दोघांनी लस पुढे ढकलल्याचं नंतर कळलं. दादाला चारचौघांत झापताना मात्र माझी जीभ अडखळली नाही. तो माझा आहे, तो ऐकून घेईल, म्हणून. खोटं कुणाचंही असो, आपण टोकतो ते जवळच्याच माणसाला, हे मला त्या दोन संदेशांवरून कळलं, आणि ते मला आवडलेलं नाही. हल्ली मामांना मी फोन करून बोलते, ग्रुपवर नाही. ते ऐकतात. पहिल्यांदा चिडले होते, आता स्वतःच विचारतात, 'हे बघ गं जरा, खरं आहे का?'

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या साखळ्या तपासल्या होत्या. खऱ्या गोष्टीला दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खोट्या गोष्टीपेक्षा साधारण सहापट वेळ लागला. यंत्रांची खाती वगळून पाहिलं तरी चित्र तेच राहिलं. खोटं जास्त पसरवत होती ती माणसंच. मला या सहापटीतलं सगळ्यात जास्त टोचतं ते हे की दुरुस्ती कधी धापा टाकत येत नाही. ती शांतपणे येते, दुपारी, आपण कामात असताना. तिच्याबरोबर रडू येत नाही. स्ट्रीक जिवंत असल्याचं कळलं तेव्हा मी सुटकेचा श्वास घेऊन पुढच्या कामाला लागले. आणि अकरा दिवसांनी तो गेला तेव्हा माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. त्याच्यासाठीचं सगळं वाईट वाटणं मी आधीच खर्चून बसले होते. हात जोडलेलं चित्र टाकायला बोट उचललं आणि थांबले. ते तर एकदा टाकून पुसलं होतं. जिवंत माणसाला मी श्रद्धांजली वाहिली आणि गेलेल्या माणसाला अफवा म्हटलं. आता तर चेहरे आणि आवाजही बनवून मिळतात. सचिनलाच जानेवारी २०२४ मध्ये सांगावं लागलं की त्या जाहिरातीतला मी नव्हे. पण मला फसले जाण्याची तेवढी धास्ती नाही. उद्या कुणी आपलं माणूस खरंच हाक मारेल आणि मी त्या हाकेची तारीख तपासत बसेन, याची आहे.

त्या रविवारी मी ग्रुपवर 'माफ कर दादा' लिहिलं नाही. फोन केला. बराच वेळ वाजला. उचलल्यावर तो म्हणाला, 'बोल.' मी म्हटलं, 'मागच्या वेळेसारखा मला का नाही केलास फोन?' तो म्हणाला, 'मागच्या वेळी आपण बोललो होतो ना सगळं. तेच परत काय बोलायचं?' मग दोघंही गप्प. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला, जुना, करकरीत. मी विचारलं, 'वही?'

'हं. नव्व्याण्णवची आहे. लेस्टर.'

'स्ट्रीकची षटकं असतील त्यात.'

'आहेत. सगळी भरलेली आहेत. ओलोंगाचं ते शेवटचं अर्धवट आहे फक्त. शिसपेन फेकली होती ना मी.' तो थोडा थांबला. 'उरलेले चौकोन रिकामेच आहेत गं. आता भरतो. शेवटचा गडी कोण?'

माझ्या कानाला फोन होता आणि मला तो खाली घेऊन काही शोधावंसं वाटलं नाही.

'प्रसाद,' मी म्हटलं. 'पायचीत.'